जुनं एअर पिस्तूल की नवं? ट्रिगरचा प्रश्न आहे, जाणकारांनी सांगा

अरुणावती · ४ एप्रिल, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमची पोरगी नववीत आहे. दोन वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूल खेळते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, रेंज वगैरे काही नाही. कापसाचा हंगाम सरला की एक जिनिंगवाले मागची शेड देतात. तिथं दोन लेन आखल्यात, पाच-सहा पोरं येतात.

तिच्याकडचं पिस्तूल सेकंडहँड आहे, २००९ चं. युरोपातल्या नावाजलेल्या कंपनीचं आहे. नाव सांगत नाही, नाहीतर धागा कंपनीवरच जाईल. मागच्या महिन्यात नागपूरला स्पर्धा होती, तिथं मैत्रिणीनं तिला त्याच मॉडेलची नवी आवृत्ती दहा-बारा शॉट मारायला दिली. मी मनातल्या मनात खिसा चाचपून ठेवला, म्हटलं आता नव्यासाठी हट्ट होणार. झालं उलटंच. म्हणाली, "बाबा, आपल्याचा ट्रिगर लोण्यासारखा जातो. तिचा कोरडा लागतो, अन् जडही."

कोच, दुकानदार, व्हिडिओवाले, सगळे सांगतात की नव्याचा ट्रिगर जास्त चांगला. मग पोरीला असं का वाटलं? पूर्वीची घडणच वेगळी होती का? नवं घ्यायचं म्हणजे आमचं वर्षाचं कापसाचं उत्पन्न जातं, म्हणून विचारतोय.

सोयाबीन_सम्राट · ४ एप्रिल, रात्री ९:२०

धाग्याचं नाव वाचून आधी दार लावून घेतलं. मग एअर पिस्तूल दिसलं, तवा उघडलं.

भरमार_भाऊ · ४ एप्रिल, रात्री ९:३१

दादा, मले एकच सांगा. यानं रोही पळते का? माह्या तुरीत रोज रातच्याला दहा-बारा येऊन राह्यले.

अरुणावती · ४ एप्रिल, रात्री ९:४०

भाऊ, साडेचार मिलिमीटरचा चपटा छर्रा आहे, कागदाला भोक पाडतो. रोही, म्हणजे नीलगाय, पळणार नाही, वळून पाहील. आणि वन्यप्राण्यावर कसलाही नेम धरणं म्हणजे वनखात्याच्या चकरा मारत बसणं.

भरमार_भाऊ · ४ एप्रिल, रात्री ९:४४

चकरा तं भरपाईसाठी आताही मारूनच राह्यलो.

दहावी_रिंग · ४ एप्रिल, रात्री १०:५५

अमरावतीकडं पोरांना शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

"चांगला ट्रिगर" म्हणजे काय ते आधी ठरवू. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात, आम्ही फर्स्ट स्टेज आणि सेकंड स्टेज म्हणतो. पहिल्या टप्प्यात ट्रिगर मागं येतो आणि एका जागी अडतो. तिथून थोडा जोर वाढवला की सुटतो. ती अडण्याची जागा रोज तीच हवी. तिथून सुटेपर्यंत ट्रिगर घासत, सरकत जाऊ नये. सरकला तर त्याला क्रीप म्हणतात. सुटल्यावर बोट भसकन मागं जाऊ नये, ते ओव्हरट्रॅव्हल. माझ्या लेखी चांगला ट्रिगर म्हणजे एवढंच. हलका आहे म्हणून तो चांगला होत नाही.

१० मीटर पिस्तुलाला नियमानं ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं, जुनं असो की नवं. मग फरक राहतो तो ते ५०० ग्रॅम दोन टप्प्यांत कसे वाटलेत याचा. कोणी पहिल्या टप्प्यात ४०० ठेवून दुसऱ्याला १०० ठेवतं, कोणी ३००-२०० करतं. वजन तेच, पण बोटाला दोन वेगळी पिस्तुलं वाटतील. मैत्रिणीचं पिस्तूल मैत्रिणीच्या बोटासाठी लावलेलं होतं. दहा-बारा शॉटमध्ये त्याची ओळखही होत नाही.

जुन्या घडणीचं म्हणाल तर १९६० च्या दशकातलं फाइनवेर्कबाउ ६५ हे एअर पिस्तूल घ्या. स्प्रिंगवर चालणारं, बाजूची दांडी ओढून भरायचं. आज कोणी त्यानं मोठी स्पर्धा खेळत नाही, पण त्याच्या ट्रिगरला अजून नावं ठेवत नाहीत. त्याला एक बारकी कळ होती, ती फिरवली की ५०० ग्रॅमचा ट्रिगर १३६० ग्रॅमचा व्हायचा, म्हणजे मोठ्या, काडतुसाच्या पिस्तुलाचा सराव त्याच्यावरच. पुढच्या पिढ्यांमध्ये मोठा बदल झाला तो हवेच्या सिलिंडरचा आणि झटका कमी करण्याचा. स्टेयर कंपनीच्या एलपी १० पिस्तुलात झटक्याच्या उलट सरकणारं वजन बसवलं, तशा गोष्टी. चांगला मेकॅनिकल ट्रिगर त्यांना आधीच जमलेला होता.

कोष्टी_गुरुजी · ५ एप्रिल, सकाळी ७:०५

ट्रिगरला मराठीत चाप म्हणतात. लोक सर्रास घोडा म्हणतात, पण घोडा म्हणजे मागून आपटतो तो.

टप्पू_वऱ्हाडी · ५ एप्रिल, सकाळी ७:३०

गुरुजी, आमच्याकडं चाप केसाले लावते.

निवृत्त_नायक · ५ एप्रिल, सकाळी ८:१५

एअर पिस्तुलाचं मला कळत नाही, पण जुन्या-नव्या आवृत्तीच्या ट्रिगरचा एक पक्का दाखला देतो. फौजेत आमच्या कमरेला जे ९ एमएम होतं त्याचा मूळ नमुना ब्राउनिंग हाय पॉवर, १९३५ सालचा. आराखडा ब्राउनिंगनं सुरू केला, तो वारला १९२६ ला, मग बेल्जियमच्या एफएन कंपनीत सेव्ह नावाच्या माणसानं पुरा केला. त्या पिस्तुलात एक सोय आहे, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं की ट्रिगर चालत नाही. फ्रेंच सैन्याची तशी मागणी होती म्हणतात. सुरक्षेला बरं, पण त्यासाठी ट्रिगरच्या मागं एक तुकडा बसवलाय, तो मॅगझिनच्या अंगावर दाबलेला राहतो. ट्रिगर ओढला की तो मॅगझिनवर घासत जातो. म्हणून बोटाला खरखर लागते.

पुढं २०२१ ला अमेरिकेत स्प्रिंगफील्डनं एसए-३५ काढलं, २०२२ ला खुद्द एफएननं हाय पॉवर नव्यानं आणलं. दोघांनीही ती घासणारी भानगड काढून टाकली. म्हणजे इथं नव्याचा ट्रिगर सुधारला, तो एक तुकडा कमी करून. तुमच्या पिस्तुलाच्या नव्या आवृत्तीत आतला कोणता तुकडा बदलला ते बघा. काहीच बदललं नसेल तर फरक पिस्तुलात नाही, लावणीत आहे.

दहावी_रिंग · ५ एप्रिल, सकाळी ८:४०

नायकसाहेब, सलाम. शेवटचं वाक्य मी पोरांना ऐकवणार.

संत्र्याचा_बहार · ५ एप्रिल, दुपारी १:१०

मेकॅनिकलवरच का अडलात सगळे? इलेक्ट्रॉनिक घ्या ना. मोरिनीचं १६२ ईआय कितीतरी वर्षांपासून आहे. बोटानं फक्त स्विच दाबला जातो, बाकी काम विजेचं. घासणं नाही, झिजणं नाही, पहिला शॉट आणि साठावा शॉट सारखाच. जुना-नवा वादच संपला.

पैनगंगातीर · ५ एप्रिल, दुपारी १:४५

वाद संपला म्हणता, पण टोकियो आठवतं का? जुलै २०२१, मनू भाकर, पात्रता फेरी चालू असताना पिस्तूल बिघडलं, ते नीट करून येईपर्यंत घड्याळ पळत राहिलं. ५७५ गुण, बारावी. तिच्याजवळ देशभरातली माणसं होती तरी ही गत. आपल्या तालुक्यात बिघडलं तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं न्यायचं का?

संत्र्याचा_बहार · ५ एप्रिल, दुपारी १:५२

आणि पॅरिस २०२४ ला त्याच मनूनं दोन ब्राँझ आणली, तेही सांगा. मेकॅनिकलसुद्धा बिघडतं.

पैनगंगातीर · ५ एप्रिल, दुपारी २:०५

मान्य. पण मेकॅनिकल बिघडलं तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं तरी.

हवेचं म्हणाल तर आणखी एक. आमच्याकडं पुसदला एकाजवळ रशियाचं बायकाल, इझ-४६ आहे. खालची दांडी एकदा पूर्ण उघडून मिटली की एका शॉटची हवा भरली. सिलिंडर नाही, पंप नाही. याची नवी आवृत्ती ४६ एम. तिच्यात हवा दाबायची जागा वाढवली, छर्रा जास्त वेगानं जातो. ट्रिगर दोघांचा सारखाच, स्क्रूनं हवा तसा लावता येतो. आणि मागचं झाकण नुसतं उचललं की ट्रिगर चढतो, हवा न भरता ड्राय, म्हणजे छर्रा न मारता नुसता ट्रिगरचा, सराव करता येतो. खेड्यातल्या पोराला सुरुवातीला यासारखं काही नाही. जड मात्र आहे, अन् साठ शॉटला साठ वेळा दांडी मारून खांदा भरून येतो.

टप्पू_वऱ्हाडी · ५ एप्रिल, दुपारी २:२०

हवेवरून आठवलं. आमच्या पोट्ट्यांनी सिलिंडर घेऊन पंक्चरवाला गाठला. तो म्हने किती भरू. पोट्टं म्हने २०० बार. त्यानं मोबाइलवर हिशोब केला, २,९०० पीएसआय. म्हने बावा, ट्रॅक्टरचं टायर इतकं भरलं तं थेट चंद्रपुरात उतरन.

अरुणावती · ५ एप्रिल, दुपारी ३:००

हसून पुरेवाट. आमच्याकडं हातपंप आहे. पोरं पाळीपाळीनं मारतात, शेवटचे वीस-तीस बार मोठ्या माणसावर येतात. माझ्यावर.

वर्धेकर_काका · ५ एप्रिल, सायंकाळी ६:१०

अवांतर होईल, पण मनात आहे ते बोलतो. पुलगावला दारूगोळ्याचा एवढा मोठा डेपो, अंबाझरीला कारखाना, भंडाऱ्याला कारखाना, भद्रावतीला कारखाना. देशाचा दारूगोळा विदर्भाच्या उशाशी, आणि आमच्या पोरांना दहा मीटर मोकळी भिंत मिळत नाही. तिकडं कोल्हापूर बघा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, परवाचा स्वप्नील कुसाळे.

सोयाबीन_सम्राट · ५ एप्रिल, सायंकाळी ६:२५

काका आले की अनुशेष आलाच.

वर्धेकर_काका · ५ एप्रिल, सायंकाळी ६:३१

आहेच मग तो अनुशेष. बोलू नये का?

लेकुरवाळी · ५ एप्रिल, रात्री ९:५०

मी स्वतः कॉलेजात खेळले, आता मुलाला घेऊन जाते. अरुणावतीदादा, एक विचारते. मैत्रिणीच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मूठ, कोणत्या मापाची होती? लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापात येते. हाताला मोठी पडली की बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ बसत नाही, मग बोट मागं ओढण्याऐवजी बाजूला ढकलतं. बाजूनं ढकललेला कोणताही ट्रिगर जड आणि कोरडाच लागतो. मला स्वतःला असं होत होतं, अन् मी सहा महिने ट्रिगरचे स्क्रू फिरवत बसले. शेवटी ग्रिपला लाकडाची लुगदी लावून, घासून हाताजोगी केली. ट्रिगर आपोआप "सुधारला".

तिला डोळे मिटून ड्राय करायला सांगा, दोन्ही पिस्तुलांवर. नजर कागदावर असली की पोरं ट्रिगरचं खरं सांगत नाहीत. नऊ लागला की ट्रिगर वाईट, दहा लागला की चांगला.

दहावी_रिंग · ५ एप्रिल, रात्री १०:०२

ताईंना अनुमोदन. शेवटच्या ओळीला दोनदा.

सरकीवाला · ६ एप्रिल, सकाळी ६:४०

मी जिनिंगमधी फिटर हाव. नेमबाजीतलं काई समजत नाई, पन जिनिंगच्या शेडीत पोरं खेळते म्हनले म्हनून लिवतो. हंगाम संपला तरी तूस जात नाई. पत्र्याच्या वर बसून राह्यते, ऊन तापलं, वारा सुटला की खाली येते. आमच्या बेअरिंगमधी, पॅनलमधी, घड्याळात पन जाते. तुमच्या ट्रिगरमधी जात नसन काय? अन् कोनी वरून शिलाई मशीनचं तेल सोडलं असन तं तूस अन् तेल मिळून मलम होते. मलमावर कोनतीबी वस्तू लोण्यासारखीच सरकते, भाऊ. काई दिवस. मंग चिकटते.

अरुणावती · ६ एप्रिल, सकाळी ७:१५

सरकीवालाभाऊ, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात का? शिलाई मशीनचंच तेल आहे. दर रविवारी दोन थेंब. माझ्याच हातानं.

दहावी_रिंग · ६ एप्रिल, सकाळी ७:४८

आता मला वेगळीच शंका येते. दादा, तुमच्या पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन शेवटचं कधी तपासलं? पोरगी "जड" म्हणाली, त्यावर मी सुरुवातीलाच अडायला हवं होतं. नवं जड आहे की तुमचं हलकं झालंय?

घरी असं करा. छर्रा नाही हे दोनदा बघा. नळी सरळ आभाळाकडं. सिलिंडर लावलेलं आणि पिस्तूल चढवलेलं हवं, कारण तपासणीत तसंच करतात. ५०० ग्रॅमचं वजन जमिनीवर ठेवा, त्याचा आकडा ट्रिगरच्या मधोमध अडकवा, पिस्तूल हळूहळू वर घ्या. वजन जमिनीवरून उचललं गेलं तर पास. त्याआधीच ट्रिगर सुटला तर नापास. स्पर्धेत तीन वेळा संधी देतात. आणि झटक्यानं उचलू नका, झटक्यानं पासही नापास होतं.

स्क्रू मात्र लगेच फिरवू नका. सेकंड स्टेजचा स्क्रू अंदाजे फिरवून आतली पकड कमी झाली तर पिस्तूल बंद करतानाच सुटू शकतं. पाच पोरं बाजूला उभी असतात.

अरुणावती · ६ एप्रिल, सकाळी ७:५५

तपासणीचं वजन आमच्याकडं नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी जुगाड करतो.

भरमार_भाऊ · ६ एप्रिल, सकाळी ८:३०

अर्धा किलो तुरीची डाळ बांधा. माह्याकडची न्या, रोह्यानं खाल्ली नसन तं.

अरुणावती · ९ एप्रिल, रात्री १०:२०

उशीर झाला, लग्नसराई. सांगतो.

चौकातल्या किराणावाल्या काकांकडून अर्धा किलोचं लोखंडी माप आणलं, त्याला तारेचा आकडा केला. जिनिंगमध्ये सगळी पोरं गोळा. पोरीनं पिस्तूल उचललं, माप जमिनीवरून हललंसुद्धा नाही, फट्. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे पोरगी वर्षभर नियमापेक्षा हलक्या ट्रिगरवर सराव करत होती, आणि आम्ही त्याला लोणी म्हणत होतो. आजवरच्या छोट्या स्पर्धांत कोणी तपासलं नव्हतं, म्हणून चाललं.

मग दहावी_रिंग सरांशी फोनवर बोलत बोलत बाजूची प्लेट उघडली. सरकीवालाभाऊ, मलमच होतं. काळपट, आणि त्यात बारीक धागे. पेट्रोलवाल्या लायटरचं पेट्रोल आणि दात घासायचा नवा ब्रश, एवढ्यानं साफ केलं. कोरडं ठेवलं. मग फर्स्ट स्टेजचाच स्क्रू थोडा थोडा फिरवला, जोवर माप उचललं जात नाही तोवर. दुसऱ्याला हात लावला नाही.

पोरीनं वीस शॉट मारले आणि काय म्हणाली असेल? "बाबा, आता आपलंही तिच्यासारखंच झालं. कोरडं."

सोयाबीन_सम्राट · ९ एप्रिल, रात्री १०:२६

घ्या. नवीन पिस्तूल फुकटात.

लेकुरवाळी · ९ एप्रिल, रात्री १०:४०

दादा, आता दोन-तीन आठवडे गुण घसरतील. तिला ओरडू नका. बोटाला सवय हलक्याची आहे. कोऱ्या कार्डावर, म्हणजे उलट्या बाजूनं, फक्त ट्रिगरचा सराव करू द्या.

निवृत्त_नायक · १० एप्रिल, सकाळी ६:०५

पोरीचं कौतुक. फरक तिनं बरोबर ओळखला होता. नाव आपण चुकीचं दिलं.

पैनगंगातीर · १० एप्रिल, सकाळी ९:१५

सगळे ट्रिगरवर खूश आहेत म्हणून विचारतो. पिस्तूल २००९ चं ना? सिलिंडर पण तेव्हाचंच का? त्याच्यावर तारीख कोरलेली असते, बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर मोठ्या स्पर्धेत चालत नाही, ते बघणं खेळाडूची जबाबदारी. आणि २०० बार आहे हो आत. एप्रिलमध्ये जिनिंगच्या पत्र्याखाली काय तापमान असतं ते तुम्हीच सांगा.

अरुणावती · १० एप्रिल, दुपारी १२:४०

आत्ता बघितलं. तारीख २००९ चीच आहे. हवा सोडून दिली, सिलिंडर कपाटात. आता नव्या सिलिंडरची चौकशी करतो. ट्रिगरसाठी नवं पिस्तूल घ्यायचं कारण राहिलं नाही. दोन सिलिंडर मात्र घ्यावेच लागतील, तेवढं तूर विकून होईल. तोवर पोरगी ड्राय करेल.

संत्र्याचा_बहार · १० एप्रिल, दुपारी १:००

इलेक्ट्रॉनिक घेतलं असतं तरी सिलिंडर लागलंच असतं, तेव्हा मी गप्प बसतो.

कोष्टी_गुरुजी · १० एप्रिल, सायंकाळी ५:२०

एक शंका. किराणावाल्याचं माप म्हणता, त्याच्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का? ते माप स्वतःच अर्धा किलो आहे हे कोणी तपासलं?

टप्पू_वऱ्हाडी · १० एप्रिल, सायंकाळी ५:२३

गुरुजीईईई

अरुणावती · ११ एप्रिल, रात्री ९:३५

गुरुजींमुळं झोप उडाली. सकाळी माप घेऊन सोनाराकडं गेलो. ४८६ ग्रॅम भरलं. तारेचा आकडा १९ ग्रॅम. दोन्ही मिळून ५०५. म्हणजे आमची तपासणी बरोबरच ठरली, पाच ग्रॅम जास्तीची.

हे मी चौकात हसत हसत सांगितलं, तिथं चूक झाली. किराणावाले काका दोन वेळा समोरून गेले, बोलले नाहीत. आणि घरून फर्मान आहे की आतापर्यंतच्या साखरेचा हिशोब करा.